गाइडचा पब्लिकेशन रेकॉर्ड कसा वाचायचा: दोनशे पेपर की एक गाजलेला पेपर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. झालं आहे, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) हातात आहे, मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करायची आहे आणि दोन लॅब समोर आहेत. एका सरांचे दोनशेच्या वर पेपर, एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला आकडा, त्याबद्दल पुढे) पंचेचाळीस. दुसऱ्या मॅडमचे जेमतेम चाळीस पेपर, एच-इंडेक्स अठरा, मात्र त्यांतल्या एकाच पेपरला दोन हजारांहून जास्त सायटेशन. संशोधक म्हणून वजन कुणाचं जास्त धरायचं?

निवड समित्यांवर बसून असे बायोडेटा मी ढिगाने वाचले आहेत. नुसत्या या आकड्यांवर मी कुणालाच झुकतं माप देणार नाही. पण तेच प्रोफाइल उघडून एक दुपार खर्ची घातली तर बरंच काही बाहेर येतं. सुरुवात त्या दोन हजार सायटेशनपासून करू, कारण तुमचं मन तिथेच अडकलेलं दिसतंय.

सायटेशन म्हणजे कुणीतरी आपल्या पेपरच्या शेवटी हा पेपर नोंदवला, एवढंच. का नोंदवला, ते त्या आकड्यात नसतं. आमच्या क्षेत्रातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण तुमच्या हाताखालून गेलेलं आहे. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लॉरी मेथडने प्रोटीन मोजलं असेल: बीएसए या माहितीतल्या प्रोटीनचं स्टँडर्ड, अल्कलीतलं कॉपरचं द्रावण टाकून दहा मिनिटं, मग फोलिन रिएजंट, अर्धा तास अंधारात, आणि शेवटी निळ्या रंगाचं ६६० नॅनोमीटरला रीडिंग. फोलिन टाकल्या टाकल्या ट्यूब व्हॉर्टेक्स करायची, नाहीतर ते रिएजंट अल्कलीत टिकत नाही आणि ग्राफच्या रेषेवरचे ठिपके भलतीकडेच जातात, हे डेमॉन्स्ट्रेटरनी तुम्हाला बजावलं असेलच.

ही पद्धत ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त छापली. २०१४ मध्ये ‘नेचर’ने आजवर सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शंभर पेपरांची यादी काढली, तेव्हा हाच पेपर पहिला आला, तीन लाख पाच हजारांहून अधिक सायटेशन घेऊन. दुसरा आला उलरिख लेम्ली यांचा १९७० चा पेपर, दोन लाख तेरा हजार. तिसरा मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, एक लाख पंचावन्न हजार. म्हणजे विज्ञानाच्या सगळ्या शाखा धरल्या तरी पहिले तीन पेपर कशाचे? प्रोटीन मोजायचं कसं, जेलवर रन करायचं कसं, आणि पुन्हा, मोजायचं कसं. त्या यादीत शंभरावा क्रमांक मिळवायलाही बारा हजारांवर सायटेशन लागत होती, आणि डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा पेपर यादीत नव्हता.

लॉरी यांनाही हा पेपर आपलं मोठं काम वाटत नव्हतं. त्यांचा खरा जीव होता अगदी इवल्याशा ऊतीतून, पुढे तर एकेका चेतापेशीतून एन्झाइम मोजण्यात. ते काम जाणकारांनी वाखाणलं, पण तीन लाख लोकांना त्याची गरज पडली नाही. लेम्ली यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. त्यांचा पेपर एकदा उघडून पाहाच. विषय आहे टी४ या बॅक्टेरियोफाजचं (बॅक्टेरियांवर वाढणाऱ्या विषाणूचं) डोकं जुळून येताना त्यातली प्रोटीन्स कशी तुटतात हा. आज आपण ज्याला एसडीएस-पेज म्हणतो ती जेलवर प्रोटीन्स वेगळी करायची पद्धत त्यात ओघात, साधन म्हणून आलेली आहे. त्या दोन लाखांमधल्या किती जणांनी टी४ बद्दलचं एक वाक्य तरी वाचलं असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.

तेव्हा मॅडमचा तो दोन हजारांचा पेपर नेमका कशाचा आहे, हे आधी बघा. पद्धत किंवा सॉफ्टवेअर असेल तर लोक ते वापरतात म्हणून उल्लेख करतात. यात कमीपणा काहीच नाही. चालणारी पद्धत देणं हे फार मोठं काम आहे. पण त्यावरून त्यांच्या लॅबमध्ये जीवशास्त्रातला एखादा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला जातो की नाही, ते कळणार नाही. रिव्ह्यू असेल तर त्याचं सायटेशन मूळ प्रयोगाच्या पेपरपेक्षा सहज जास्त जातं, कारण घाईत असलेला लेखक प्रस्तावनेत दहा मूळ पेपरांऐवजी एक रिव्ह्यू ठोकून देतो. दीडशे लेखकांच्या जीनोम कन्सोर्शियमचा (अनेक लॅबच्या गटाचा) पेपर असेल, तर त्यात मॅडमचा वाटा एखाद्या क्रोमोसोमच्या तुकड्याएवढा असू शकतो.

आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास बघावी लागते: पेपरवरचा पत्ता. भारतातल्या कितीतरी चांगल्या संशोधकांचा सर्वात गाजलेला पेपर त्यांच्या परदेशातल्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या काळातला असतो. तिथली लॅब, तिथला पैसा, तिथला बॉस. त्या पेपरात त्या पहिल्या लेखक असतील तर हात त्यांचाच आहे, हे नक्की. पण इकडे येऊन स्वतःची लॅब उभी केल्यावर पुढे काय झालं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुम्हाला बसायचं आहे ते या लॅबमध्ये.

लेखकांच्या क्रमाची रीत तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो, कारण सरांचे दोनशे पेपर तिथेच उलगडणार आहेत. मॉलिक्युलर बायोलॉजीत पहिलं नाव ज्याने बेंचवर उभं राहून काम केलं त्याचं, शेवटचं नाव ज्याची लॅब आणि ज्याचा प्रश्न त्याचं. नावावरच्या ताऱ्याचा अर्थ पत्रव्यवहार याच्याशी करा. मधली नावं ही प्लाझमिड (प्रयोगात वापरायचा डीएनएचा गोल तुकडा) देणाऱ्यापासून ते रुग्णांचे नमुने पुरवणाऱ्या डॉक्टरपर्यंत कुणाचीही असू शकतात. दोनशेपैकी सर किती ठिकाणी शेवटचे आहेत, ते मोजा. काही प्रोफाइलांत हा आकडा तीसच निघतो आणि बाकीचे एकशे सत्तर सहकार्याचे, नाहीतर नुसते सौजन्याचे. विभागप्रमुखांचं नाव प्रत्येक पेपरवर घालायची रीत काही ठिकाणी अजून आहे. तिथला रेकॉर्ड खुर्चीबरोबर वाढतो.

पेपरांची संख्या इतकी फुगायला आपल्या नियमांनीही हातभार लावला, हेही लक्षात घ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय गुण (कामगिरीचे गुण) लागू झाले आणि प्रत्येक पेपरला मार्क मिळू लागले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंधाआधी पेपर छापणं सक्तीचं होतं. ही अट यूजीसीने २०२२ मध्ये काढली. मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. ते आवरायला यूजीसीने २०१८ मध्ये मान्य जर्नलांच्या केअर यादीची योजना आणली, तिचा मुख्य कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. त्या वर्षांतले पेपर चाळताना जर्नलचं नाव ओळखीचं नसेल, तर दोन-चार अंक उघडून बघायला हरकत नाही. एकाच अंकात वाळवीचं नियंत्रण, बँकिंग आणि कॅन्सरच्या पेशी एकत्र नांदत असतील, तर काय ते समजा.

आता एच-इंडेक्स. हा होर्हे हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. एच-इंडेक्स अठरा म्हणजे किमान अठरा पेपर असे, की प्रत्येकाला किमान अठरा सायटेशन आहेत. अठराच्या वरच्या पेपराला वीस असोत की दोन हजार, इंडेक्सला फरक पडत नाही. मॅडमचा गाजलेला पेपर त्यात बुडून गेलाय तो यामुळेच. शिवाय हा आकडा एकूण पेपरांच्या संख्येपेक्षा कधीच मोठा होऊ शकत नाही आणि वयाबरोबर खाली येत नाही, वरच जातो. निवृत्त माणसाचाही वाढत राहतो. हर्श यांनी त्याच लेखात हा आकडा कारकिर्दीच्या वर्षांनी भागून बघायला सुचवलं होतं, पण ती सूचना फारसं कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. सरांची पस्तीस वर्षं झाली असतील आणि मॅडमची चौदा, तर पंचेचाळीस आणि अठरा भागून बघा. दोघं जवळपास एकाच ठिकाणी येतात.

फ्रेडरिक सँगर यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा, १९५८ आणि १९८०. इन्सुलिनच्या साखळ्यांमधला अमिनो आम्लांचा क्रम लावल्यावर पुढची काही वर्षं त्यांच्या हाताला फारसं काही लागलं नाही. त्या दुष्काळी वर्षांबद्दल त्यांनी नंतर मोकळेपणाने लिहिलंही. त्यानंतर आला १९७७ मधला डायडिऑक्सी पद्धतीने डीएनएचा क्रम वाचण्याचा पेपर. वर सांगितलेल्या यादीत तो चौथा आहे. पेपर लिहिण्यापेक्षा त्यांना प्रयोगात जास्त रस होता आणि त्यांच्या पेपरांची एकूण संख्या आजच्या मोठ्या लॅबच्या मानाने बेताचीच आहे. त्यांना सांभाळणारी ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल दरवर्षी पेपर मोजत बसली असती तर ते कुठल्या तरी फेरीत मागे पडले असते.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल दोनच वाक्यं. तो जर्नलचा आकडा आहे, पेपरचा नाही. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली एवढंच तो सांगतो, आणि ती सरासरी मूठभर गाजलेले पेपर वर ओढतात. पेशीजीवशास्त्रज्ञांच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून निघालेल्या ‘डोरा’ या जाहीरनाम्याने माणसाची पारख या आकड्यावर करू नका असं स्पष्ट म्हटलं, आणि तरीही मुलाखतीत तो विचारला जातो. मीही ऐकलंय, शेजारच्या खुर्चीवरून.

प्रभाव मोजायचाच असेल तर मी असं करतो. संशोधकाचे तीन पेपर निवडायचे, त्याच्या स्वतःच्या लॅबचे, शेवटचं नाव त्याचं असलेले, निदान पाच वर्षं जुने. प्रत्येकाच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक करायचं आणि दहा-पंधरा पेपर उघडून बघायचं, की याचा उल्लेख कुठे आलाय. प्रस्तावनेतल्या ‘याबाबत बराच अभ्यास झाला आहे’ अशा वाक्यामागे सात-आठ पेपरांच्या रांगेत आला असेल, तर तो हजेरीपुरता. मेथड्समध्ये आला असेल, तर वापरासाठी. पण निकालांच्या भागात ‘अमुक यांनी दाखवलेलं म्युटेशन आम्ही आमच्या पेशींमध्ये करून पाहिलं’ असं आलं असेल, तर या कामावर कुणीतरी आपले सहा महिने आणि आपलं बजेट लावलंय. असे चार उल्लेख मला पहिल्या प्रकारच्या चारशेंपेक्षा महत्त्वाचे वाटतात. चर्चेच्या भागात कुणी विरोध केला असेल तर तेही मी प्रभावातच धरतो. ज्याच्याशी वाद घालावासा वाटतो तो पेपर लोकांनी निदान वाचलेला असतो. हे करताना उल्लेख करणारे कोण आहेत तेही दिसतं. तेच तेच पाच जण एकमेकांची नावं फिरवत असतील तर ते लपत नाही.

काही प्रभाव तर सायटेशनमध्ये उमटतच नाही. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायोलॉजी’त दाखवलं की प्रोटीनच्या साखळीतले फाय आणि साय हे दोन कोन वाटेल ते असू शकत नाहीत, अणू एकमेकांवर आदळतात म्हणून ठरावीक पट्ट्यांतच बसतात. तोच रामचंद्रन प्लॉट. आज प्रोटीन डेटा बँकेत एखादी रचना जमा केली की तपासणीच्या अहवालात पहिल्याच पानांवर येतं, किती टक्के अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) रामचंद्रन प्लॉटच्या बाहेर आहेत. जगभरचे रचनाशास्त्रज्ञ हा शब्द रोज उच्चारतात आणि त्यातले बहुतेक १९६३ चा पेपर संदर्भांच्या यादीत घालत नाहीत, कारण पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीला कुणी संदर्भ देत नसतं. सर्चमध्ये सरांचं किंवा मॅडमचं नाव एखाद्या व्हेक्टरला (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएला), सेल लाइनला, वाणाला किंवा डेटाबेसला जोडलेलं दिसतं का, तेही म्हणूनच बघून ठेवा. प्लाझमिड अ‍ॅडजीन या प्लाझमिड पुरवणाऱ्या संस्थेकडे ठेवली आहेत का? लोक मागवतात का?

उशिरा कळलेली कामंही असतात. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी मक्यातल्या उड्या मारणाऱ्या जनुकांबद्दल १९५० मध्ये लिहिलं; पुढे त्यांनी आपले निष्कर्ष बरेचसे कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालांतच दिले, आणि नोबेल आलं १९८३ मध्ये. स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांचा क्रिस्परमधले (बॅक्टेरियांच्या डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेतले) तुकडे विषाणूंचे आहेत असं सांगणारा पेपर नामांकित जर्नलांनी परत पाठवला. तो २००५ मध्ये एका मध्यम जर्नलमध्ये आला. हे वाचून कमी सायटेशनवाला प्रत्येक जण दडलेला मॅक्लिन्टॉक आहे असं मात्र समजू नका. बहुतेक कमी सायटेशनचे पेपर कमी कामाचेच असतात.

नावांचा घोळ हा आपला खास त्रास. गुगल स्कॉलरवर ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ टाकून बघा. कोल्हापूरच्या उसावरच्या बुरशीपासून बॉस्टनच्या स्टेम सेलपर्यंत सगळं एकाच्या खात्यावर जमा झालेलं सापडेल. उलट लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पीएच.डी.चे पेपर एका नावावर आणि पुढचे दुसऱ्या नावावर असतात, आणि एच-इंडेक्स दोन तुकड्यांत विभागला जातो. मॅडमचे चाळीस पेपर खरंच चाळीस आहेत का, हे त्यांच्या ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) नोंदीत तपासा. स्कॉलरचा आकडा स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसपेक्षा बहुधा जास्त दिसतो, कारण तो प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच ठेवलेले पेपर), जे सापडेल ते मोजतो. दोघांची तुलना करताना निदान एकाच ठिकाणचे आकडे घ्या.

आता जरा अप्रिय भाग. पेपरातली चित्रं बघा, मोठी करून. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वीस हजारांहून अधिक पेपर नजरेखालून घातले, त्यांतल्या ३.८ टक्के पेपरांत चित्रं शंकास्पद रीतीने दुसऱ्यांदा वापरलेली निघाली. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (नमुन्यातलं ठरावीक प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रात) मुख्य प्रोटीनच्या पट्ट्या बघून लोक पुढे जातात. तुम्ही खाली जा, अ‍ॅक्टिनच्या लोडिंग कंट्रोलकडे, म्हणजे प्रत्येक नमुना सारखाच घेतला हे दाखवणाऱ्या रांगेकडे. प्रत्येक पट्टीला स्वतःचा आकार असतो: एका टोकाला वर उचललेली, मध्येच बुडबुडा, कडेला ओरखडा. आकृती दोनमधली अ‍ॅक्टिनची रांग आकृती पाचमध्ये उलटी करून, वेगळ्या प्रयोगाच्या नावाखाली बसलेली दिसली, तर थांबा. एखाद्या वेळी ती घाईतली चूक असते आणि जर्नलमध्ये दुरुस्ती येते. तीन-चार पेपरांत, वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या हातून, एकाच शेवटच्या लेखकाखाली असं घडत असेल, तर त्या लॅबमध्ये डेटा कुणी तपासत नाही किंवा तपासायचाच नाही असं ठरलेलं आहे. पबपीअर या पेपरांवर टिप्पण्या करायच्या साइटवर नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तिथे टिप्पणी आली म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नव्हे. त्यावर संशोधकाने काय उत्तर दिलंय ते वाचा. मूळ ब्लॉट काढून दाखवणारे लोक असतात, आणि वर्षानुवर्षं गप्प बसणारेही.

तुमच्या दोघांबद्दल, तुम्ही दिलंय तेवढ्यावर: मी आधी मॅडमशी बोलेन, पण त्या दोन हजारांसाठी नाही. चाळीस पेपरांत पीएच.डी.चे विद्यार्थी किती ठिकाणी पहिले लेखक आहेत आणि प्रत्येकाला पहिला पेपर यायला साधारण किती वर्षं लागली, हे मोजायला चाळीस पेपर सोपे पडतात. गेल्या तीन वर्षांत काही आलंय का, निदान बायोआरकाइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवर एखादा प्रीप्रिंट? ग्रँट चालू आहे का? सरांच्या बाबतीत तेच, फक्त शेवटचं नाव त्यांचं असलेल्या पेपरांपुरतं. मोठ्या लॅबमध्ये तुमचा रोजचा गाइड कुणी पोस्टडॉक असणार आहे; तो कोण आणि किती दिवस टिकणार, हे सरळ विचारा, राग येत नाही कुणाला. मग दोन्ही लॅबमधून गेल्या चार-पाच वर्षांत बाहेर पडलेल्या दोघा-दोघांना गाठा, आणि त्यातला एक तरी पीएच.डी. अर्धवट सोडून गेलेला असू द्या. ईमेल करू नका, फोन करा. लेखी कुणी काही सांगणार नाही.